योग्यता कोणी पाहावी?

न्यायाधीशांच्या नेमणुकीवर लोकांनी बोलू नये, असे म्हणणारा एक पंथ आहे. तो आम्हांस मान्य नाही. मद्रास उच्च न्यायालयावर व्हिक्टोरिया गौरी यांची नेमणूक झाली, तेव्हा अल्पसंख्याकांविषयीच्या त्यांच्या जुन्या वक्तव्यांवर बोट ठेवून तेथीलच काही वकील सर्वोच्च न्यायालयात गेले. ७ फेब्रुवारी २०२३ रोजी दिल्लीत त्यांचे गाऱ्हाणे ऐकले जात असता चेन्नईत शपथविधी उरकला! पात्रता आम्ही तपासू, योग्यता नव्हे, असे म्हणून न्यायालयाने अर्ज फेटाळले.

पूर्वी राजकारणात असणे हा दोष नव्हे. १९५७ साली केरळच्या मंत्रिमंडळात बसलेले कृष्ण अय्यर पुढे थोर न्यायमूर्ती ठरलेच. परंतु ज्यांच्याविषयी ती वक्तव्ये, तेच उद्या पक्षकार म्हणून समोर उभे राहावयाचे. त्यांच्या भरवशाचे काय? कॉलेजियमला ती वक्तव्ये ठाऊक होती काय? असल्यास ती क्षम्य का मानली? योग्यता ठरविण्याचा अधिकार ज्यांनी आपल्याकडे ठेवला, त्यांनीच कारणे सांगण्याचे ओझेही उचलले पाहिजे. नेमणुकीपूर्वी दार बंद आणि नंतर तोंड बंद. मग लोकांनी बोलावे तरी केव्हा?