मुंबई इंडियन्सचे ७५ कोटी आणि तुमच्या दुकानाचा पगार



पगारवाढीवरच्या व्हिडिओत मी मुंबई इंडियन्सचं उदाहरण दिलं होतं. व्हिडिओत ते दोन मिनिटांत संपतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. क्रिकेट आवडत नसलं तरी वाचा, कारण विषय पगाराचा आहे.

आधी हिशेब बघू. आयपीएल २०२५ च्या मोठ्या लिलावासाठी प्रत्येक संघाची पर्स १२० कोटींची होती. कोणाला ठेवणार हे ३१ ऑक्टोबर २०२४ पर्यंत सांगायचं होतं. आपला संघ त्याच वर्षी दहा संघांत दहावा आला होता! असा सीझन गेला की आपल्यातले बरेच मालक म्हणतात, "सगळा स्टाफ बदलून टाकतो." मुंबईने पाच जण ठेवले. बुमराह १८ कोटी, सूर्यकुमार यादव आणि हार्दिक पंड्या प्रत्येकी १६.३५, रोहित शर्मा १६.३० आणि तिलक वर्मा ८. बेरीज करा, बरोबर ७५ येते. उरलेल्या ४५ कोटींत बाकीची अख्खी टीम उभी करायची.

दुसरा रस्ताही होता. पंजाबने दोनच खेळाडू ठेवले, तेही साडेनऊ कोटींत, आणि ११०.५ कोटी घेऊन ते जेद्दाला लिलावात बसले. तिथे त्यांनी २६.७५ कोटींना श्रेयस अय्यरला घेतलं. आपल्या शिवाजी पार्कात घडलेला पोरगा, त्याच वर्षी कोलकात्याला कप जिंकून दिलेला कॅप्टन. २०२५ मध्ये पंजाब फायनलला गेलं, आणि जाता जाता क्वालिफायर-२ मध्ये मुंबईलाच हरवून गेलं. म्हणून "जुनी माणसं ठेवा, जिंकाल" असा सोपा धडा मी यातून देणार नाही. दोन्ही रस्ते चालले.

मला रस आहे तो १६.३५ आणि १६.३० मधल्या पाच लाखांत.

नियमाप्रमाणे पाच जणांचे आकडे १८, १४, ११, १८ आणि १४ असे होते. पण एकूण ७५ कोटी कसे वाटायचे हे संघाच्या हातात होतं. म्हणजे ही मांडणी कोणीतरी बसून, विचार करून केलेली आहे. रोहितने पाच वेळा ट्रॉफी जिंकून दिलेली. डिसेंबर २०२३ मध्ये त्याच्या जागी हार्दिक कॅप्टन झाला आणि पुढच्या सीझनला वानखेडेवर आपल्याच लोकांनी हार्दिकची हुर्यो उडवली. इतकं ताणलेलं घर. तरीही रोहितला चौथ्या नंबरवर ठेवलं, आणि त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलं की मी देशाच्या टी-२० संघातून निवृत्त झालोय, जे आज वरच्या पातळीवर खेळतायत त्यांना आधी मान मिळायला हवा.

क्रम ठरला पुढच्या कामावर, आणि फरक ठेवला इतका बारीक की मागच्या कामाचा मान जाऊ नये. मला ही पैशांच्या हिशेबातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. आपल्याकडे काय होतं? लालबागच्या मसाल्याच्या दुकानात घ्या किंवा गिरगावच्या फरसाणवाल्याकडे, पंधरा वर्षं काउंटरवर असलेल्या काकांचा पगार गुपित असतो. नव्या बिलिंगच्या मुलाला दोन हजार जास्त दिलेले असतात, तेही गुपित. मग एके दिवशी चहाच्या टपरीवर ते फुटतं. आयपीएलमध्ये प्रत्येकाचा आकडा टीव्हीवर दिसतो, त्यामुळे मालकाला कारण तयार ठेवावंच लागतं. तुम्हीही ठेवा. काकांना कारण तोंडावर सांगता येत नसेल तर तो आकडा अजून पक्का झालेला नाही.

पण एक गोष्ट अजिबात उचलू नका, ती म्हणजे प्रमाण. समजा महिन्याचा पगार १ लाख २० हजार आहे आणि माणसं आठ. तिघांत ७५ हजार वाटले, तर उरलेल्या पाच जणांना ९ हजार प्रत्येकी. मुंबईत पूर्ण दिवसाच्या कामाला ९ हजार म्हणजे किमान वेतनाच्याही खाली. लिलावात शेवटच्या माणसालाही ३० लाख मिळतात, म्हणून तिथे ते चालतं.

त्या ३० लाखांवरून आठवलं. अश्वनी कुमार याच किमतीत आला आणि वानखेडेवर पहिल्याच मॅचला कोलकात्याच्या चार विकेट काढल्या. विघ्नेश पुथूरही ३० लाखांचा, पहिल्या मॅचला चेन्नईविरुद्ध तीन विकेट. असे लोक लिलावाच्या दिवशी सापडत नाहीत, त्यासाठी संघाची माणसं वर्षभर मैदानं फिरत असतात. आपलं मैदान म्हणजे गणपती-दिवाळीची गर्दी. दहा दिवसांसाठी आलेल्या मुलांपैकी कोण गिऱ्हाइकाशी कसं बोललं, हे तेव्हाच वहीत लिहा.

आता सगळ्यात अवघड भाग, सोडण्याचा. मुंबईने ईशान किशनला सोडलं, हैदराबादने त्याला ११.२५ कोटींना घेतलं. सोडलेल्या खेळाडूसाठी तिथे दहा गिऱ्हाइकं बसलेली असतात. परळ-लालबागला हे वेगळं सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, नंतर गिरण्या बंद पडत गेल्या, आणि त्या कामगारांसाठी कोणी लिलाव भरवला नाही. त्यामुळे "आयपीएलवाले सोडतात, मग मी का नको" हे मला पटत नाही. सोडायचंच असेल तर दोन महिने आधी सांगा, कामाचं पत्र द्या, ओळखीच्या दुकानदाराला स्वतः फोन करा.

दहा किंवा जास्त माणसं असतील तर पाच वर्षं झालेल्याला ग्रॅच्युइटी कायद्यानेच द्यावी लागते, दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. माझ्या दादरच्या दुकानात सातच जण आहेत, तरी मी ती रक्कम दर महिन्याला बाजूला टाकते. पगाराची शीट व्हिडिओखाली दिली आहे. तिच्या शेवटच्या रकान्यात हीच रक्कम आहे, बजेट बसत नाही म्हणून तो रकाना डिलीट करू नका.