कुलपाची किल्ली कोणाकडे?



शिरपूर जैन हे नाव बाहेरच्या बहुतेकांना एका कुलपामुळे माहीत आहे. इथलं अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर 1981 पासून जवळजवळ 42 वर्षं बंद होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2023 मध्ये ते उघडलं. त्या कुलपाबद्दल पुष्कळ लिहून आलं. मला आज लिहायचं आहे ते दुसऱ्याच कुलपाबद्दल. ते होतं आमच्या परिसरातल्या एका प्राथमिक शाळेत, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला.

बचत गटाच्या बैठकीत एक आई सहज बोलून गेली, "माही पोरगी शाळेत पानीच पेत नाही, ताई. घरी आली का गटागटा तांब्याभर पेते." कुणालाच त्यात नवल वाटलं नाही. दोघीतिघी म्हणाल्या, "आमचीबी तसंच करते." म्हणून आम्ही चौघी शाळेत गेलो. स्वच्छतागृह बांधलेलं होतं, रंगवलेलं होतं आणि कुलूपबंद होतं. किल्ली सरांच्या टेबलाच्या खणात. सहावी-सातवीतली मुलगी सरांकडे जाऊन किल्ली मागेल का? त्यापेक्षा तहान मारणं सोपं.

सर काही वाईट माणूस नव्हेत. ते म्हणाले, "उघडं ठेवलं की रात्री बाहेरचे लोक येऊन घाण करतात. नळाला पाणी नाही, साफ करायला माणूस नाही. मी काय करू?" शाळेने वर पाठवलेल्या माहितीच्या तक्त्यात मात्र लिहिलेलं होतं: मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह – आहे. यात खोटं काहीच नव्हतं. तक्त्याने विचारलंच होतं तेवढं.

शाळेतल्या आरोग्याच्या आणि सुरक्षिततेच्या कार्यक्रमांची सगळी अडचण मला त्या 'आहे'मध्ये दिसते. कार्यक्रम कमी नाहीत. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्यात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, स्वयंपाकघर, कुंपण हे सारं शाळेच्या किमान अटींमध्ये घातलेलं आहे. मुलांना मारणं आणि त्यांचा मानसिक छळ करणं यांवर त्याच कायद्याने बंदी आहे. 2001 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेलं जेवण द्यायला सांगितलं. मुलांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर आपल्याच राज्यातून, पालघरहून, फेब्रुवारी 2013 मध्ये सुरू झाला. यातलं बरंच चळवळींनी भांडून मिळवलेलं आहे. ते कुचकामी आहे असं मी म्हणणार नाही. पण त्याचं मोजमाप कोण करतं आणि काय मोजतं, हे आपण विचारायला हवं.

आरोग्य तपासणीचंच उदाहरण घ्या. पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. वजन, उंची, दात, डोळे, रक्तक्षय सगळं बघतं. त्याच शाळेतल्या एका मुलीला पुढच्या तपासणीसाठी मोठ्या दवाखान्यात न्यायची चिठ्ठी मिळाली. दिवस सोयाबीन सोंगणीचे. आईची रोजी बुडणार, जायला पैसे नाहीत, सोबत कुणी नाही. चिठ्ठी दप्तरात राहिली, मग दप्तरातच फाटली. आम्हाला ती गोष्ट कळली तेव्हा पाच महिने उलटले होते. शाळेच्या नोंदवहीत त्या मुलीपुढे 'तपासणी झाली' असं लिहिलेलं होतं. पुढे तिचं काय झालं हे लिहायला त्या वहीत रकाना नव्हता.

मोठ्या दुर्घटनांमधून आपण काय शिकलो तेही पाहू. 16 जुलै 2004 रोजी तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत आग लागून 94 मुलं गेली. बरोबर नऊ वर्षांनी, 16 जुलै 2013 रोजी, बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावी शाळेतलं जेवण जेवून 23 मुलं गेली. जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलं गेलं होतं. आपल्या भागात हे नाव नवं नाही. 2017 च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. आजही कितीतरी घरांत औषधाचा डबा धुऊन पाण्याला नाहीतर तेलाला वापरतात.

गंडामनच्या त्या दिवसाबद्दल एक गोष्ट मला विसरता येत नाही. तेलाचा वास वेगळा येतोय असं स्वयंपाक करणाऱ्या बाईने सांगितलं होतं, तरी तिला तेच तेल वापरायला लावलं गेलं, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. ते जेवण खाऊन ती स्वतःही आजारी पडली. म्हणजे धोका ओळखणारी व्यक्ती तिथे हजर होती. तिच्या शब्दाला किंमत नव्हती. आपल्याकडे पोषण आहार शिजवणाऱ्या बायांना काय मिळतं? केंद्राने 2009 मध्ये त्यांचं मानधन महिना 1,000 रुपये ठरवलं. आपल्या राज्याने वाढवत वाढवत 2023 मध्ये ते 2,500 वर नेलं. 'मानधन' म्हणायचं, म्हणजे पगार द्यावा लागत नाही. एवढ्याशा पैशांवर आणि कधीही काढून टाकतील या धास्तीत काम करणारी बाई मुख्याध्यापकांना 'हे तेल मी घालणार नाही' असं सांगू शकेल का? तिला ते सांगता येणं हा मुलांच्या सुरक्षिततेचा भाग आहे. तिच्या मानधनाचा प्रश्न आणि मुलांच्या जिवाचा प्रश्न वेगळे काढता येणार नाहीत.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाले. तक्रार नोंदवून घ्यायलाच पालकांना तासन् तास ताटकळावं लागलं. लोक रेल्वेरुळांवर उतरले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा यंत्रणा हलली. शाळांमध्ये कॅमेरे बसवा, कर्मचाऱ्यांची माहिती पडताळून घ्या, असे आदेश निघाले. 2022 मध्येच ठरवून दिलेल्या सखी सावित्री समित्यांची त्यानंतर पुन्हा आठवण झाली. अत्याचाराची माहिती असून ती न कळवणं हा 2012 च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे, आणि हे कळवणं संस्थेच्या प्रमुखालाही चुकत नाही. हे किती शिक्षकांना माहीत आहे, आपण विचारून बघावं.

पण कॅमेरा सगळं पाहत नाही. जुलै 2025 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या एका खासगी शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले. म्हणून कोणाला पाळी आली आहे हे पाहण्यासाठी मुलींचे कपडे उतरवून तपासणी केली गेली. मुख्याध्यापिकेला आणि एका महिला कर्मचाऱ्याला अटक झाली. बायकाच होत्या त्या. समितीत बाई बसवली की काम झालं, या आपल्या समजुतीलाही हा धक्का आहे. पाळीची लाज आणि मुलांनी उलट बोलू नये ही शिस्त, या दोन्ही गोष्टी आपल्या घरातूनच शाळेत जातात. त्यांच्याविरुद्ध बोलायचं तर सुरुवात घरातूनच करावी लागेल.

आमच्या गटाने एक साधी गोष्ट केली. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. आमच्याकडच्या सदस्य आया तोवर फक्त सही करत होत्या. त्यांनी महिन्यातून एकदा शाळेत फेरी मारायचं ठरवलं. 'आहे का' असं विचारायचं नाही, 'वापरता येतं का' असं विचारायचं, आणि तेही मुलांना. स्वच्छतागृहात आज पाणी आहे का? चिठ्ठी मिळालेलं मूल दवाखान्यात पोचलं का, नसेल तर कोण नेणार? आहार शिजवणाऱ्या ताईंना काही सांगायचं आहे का? शाळेत कोणाची भीती वाटते का, आणि वाटली तर कोणाला सांगशील?

फार मोठं काही झालेलं नाही. किल्ली खणातून निघून मुलींकडे पाळीपाळीने आली. पाण्याची टाकी ग्रामपंचायतीने बसवली, पण उन्हाळ्यात ती कोरडीच असते. त्यावर भांडण सुरू आहे. ती चिठ्ठीवाली मुलगी आशाताई आणि आईसोबत एकदाची दवाखान्यात जाऊन आली, तिचे उपचार सुरू झाले. शेवटचा प्रश्न विचारला की मुलं अजून गप्प बसतात. ते लगेच बोलतील अशी अपेक्षाही नाही. दर महिन्याला विचारत राहायचं.

आपापल्या गावात हे करून पाहा. बैठकीच्या इतिवृत्तावर सही करण्याआधी ते वाचून घ्या, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचायला लावा. काय दिसलं, कुठे अडलं, कोण रागावलं, ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात ती पत्रं छापू. आणि सुरुवात कुठून करायची हा प्रश्न पडला, तर संध्याकाळी घरी आलेल्या लेकीला विचारा, आज शाळेत पाणी प्यालीस का?