छातींतील कळ आणि ओसरीवरील खल

संस्कृतांत शूल म्हणजे सूळ, अणकुचीदार शस्त्र. त्यामुळें हृच्छूल म्हटला कीं कांहींतरी भाल्यासारखें खुपेल अशी आपली समजूत होते, आणि तेथेंच पहिला घात होतो. हृदयाची वेदना पुष्कळदां टोंचत नाहीं, ती दाबते. छातीवर जात्याचा दगड ठेवावा तसें ओझें वाटतें. लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डन यांनीं इ. स. १७६८ मध्यें या विकाराचें वर्णन केलें व त्यास अँजायना म्हटलें. त्या शब्दाच्या मुळाशींही गळा आवळण्याचाच अर्थ आहे. ‘नेमकें कोठें दुखतें?’ असें विचारल्यास असा रोगी बहुधा बोट ठेवीत नाहीं, तळहात किंवा मूठ छातीवर ठेवतो. गृहिणींनीं ही खूण ध्यानांत ठेवावी.

आमच्या नांदगांव पेठेहून अमरावती हमरस्त्यानें अर्ध्या तासाच्या आंतली. तरीही रोगी तेथें पोंचण्यास कधींकधीं तीन-चार तास लागतात. हे तास रस्त्यावर जात नाहींत, ओसरीवर जातात. प्रथम ओवा, मग हिंग, मग सोडा. मग ‘उपासाचा साबुदाणा बाधला असेल’ हें निदान. त्यानंतर पुण्याच्या चिरंजीवांस फोन. ते म्हणतात, नागपुरासच न्या. तोंवर रात्रीचे दोन वाजतात आणि ‘आतां उजाडूं द्या’ असा ठराव होतो. इकडे हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणारी रोहिणी गुठळीनें बंद झालेली असते, व तो स्नायु आपली सभा संपण्याची वाट पाहत नाहीं. अर्ध्याएक तासांत त्याचा नाश सुरू होतो आणि कांहीं तासांत बराच भाग कायमचा जातो. गुठळी विरघळविणारें औषध पहिल्या दोन-तीन तासांत जें करूं शकतें, तें सकाळीं करूं शकत नाहीं.

चरकसंहितेंत हृद्रोगाचे पांच प्रकार सांगितले असून शिर व बस्ती यांच्यासह हृदयास प्रधान मर्मांत गणलें आहे. अशा मर्माच्या दुखण्यास ‘ग्यास’ म्हणून सोड्याच्या पाण्यानें वाटेस लावणें कोणत्या शास्त्रांत बसतें, कोण जाणे!

डिसेंबर २०२३ मधील मराठी नट श्री. श्रेयस तळपदे यांचें उदाहरण त्यांनीं स्वतःच पुढें सांगितलें आहे. वय अवघें ४७. मुंबईंत चित्रीकरण आटोपल्यावर दम लागला व डावा हात दुखूं लागला. साहसदृश्यें केल्यामुळें स्नायु आंखडला असेल, असें त्यांस वाटलें व ते घरीं गेले. पत्नीनें मात्र पाहतांक्षणींच त्यांस रुग्णालयाकडे नेलें. वाटेंतच त्यांची शुद्ध हरपली व हृदय थांबलें. छाती दाबून व विजेचे धक्के देऊन डॉक्टरांनीं तें पुन्हां चालू केलें. त्या बाईंनीं ओसरीवर खल केला नाहीं.

छातींतील दाब विश्रांतीनेंही कांहीं मिनिटांत ओसरत नसेल, किंवा तो डाव्या हाताकडे, जबड्याकडे, पाठीकडे जात असेल, सोबत थंड घाम, दम वा मळमळ असेल, तर तत्काळ निघावें. स्त्रिया, वृद्ध व मधुमेही यांच्यांत कधीं कळ मुळींच येत नाहीं. केवळ धाप, घाम व विलक्षण थकवा येतो. जिना चढतांना येणारी व थांबल्यावर जाणारी कळ नवीन असेल, तर त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें. बोटानें दाबल्यावर किंवा कूस बदलल्यावर दुखणारी कळ बहुधा हृदयाची नसते. पण या ‘बहुधा’चा निर्णय वैद्यानें करावा, शेजाऱ्यानें नव्हे.

रोगी चालवूं नये, जिना चढवूं-उतरवूं नये, स्वतः गाडी हांकूं देऊं नये. टेकून बसवावें. महाराष्ट्रांत इ. स. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, तिला बोलवावें. ॲस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खाण्यास द्यावी काय, हें तेथेंच विचारावें. ज्यांस तिचें वावडें आहे किंवा रक्तस्रावाचा विकार आहे त्यांनीं ती घेऊं नये. रोगी कोसळून श्वास थांबल्यास छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनीं मिनिटास १०० ते १२० वेळां जोरानें दाबीत राहावें.

नागपूर कीं अमरावती हा वादही नको. प्रथम जवळच्या अशा रुग्णालयांत जावें जेथें ई. सी. जी. काढून लगेच उपचार होतात. पुढें कोठें न्यावयाचें तें डॉक्टर सांगतील. पहिला ई. सी. जी. निर्दोष निघाला तरी कळ चालू असल्यास परत येऊं नये, तो पुन्हां काढावा लागतो. आणि चिरंजीवांस फोन रुग्णवाहिका दारांतून निघाल्यावर करावा.