नागपूर वसवणारा राजा आणि आपली अर्धवट स्मृती

१/ गोंदियाहून शिक्षणासाठी नागपूरला जाणाऱ्यांपैकी अनेकांनी विधानभवनाजवळचा गोंडराजा बख्त बुलंद शाह यांचा पुतळा पाहिलेला असतो. तरीही 'नागपूर कोणी वसवले?' असे विचारताच कित्येकजण बेधडक भोसल्यांचे नाव घेतात. हा धागा त्या बेधडकपणाविरुद्ध आहे.

२/ कालक्रम पाहा. देवगड आज छिंदवाडा जिल्ह्यात आहे. तेथील या राजाने १७०२ च्या सुमारास १२ खेडी एकत्र करून नागपूरचा पाया घातला. पुत्र चांद सुलतान यांनी राजधानी येथे आणली, नगराला कोट बांधला, जुम्मा तलाव केला. १७३९ मध्ये ते वारले, वारसाचा तंटा पेटला आणि राणीच्या बोलावण्यावरून रघूजी भोसले आले. ते आले तेव्हा नगर उभे होते. भोसल्यांनी ते वाढवले, हे निर्विवाद; परंतु वाढवणे म्हणजे वसवणे नव्हे.

३/ मग दुसरा आक्षेप येतो : 'ते तर औरंगजेबाचे मांडलिक, धर्म बदललेले!' होय. गादीच्या वादात त्यांनी मोगल दरबाराचा आश्रय घेतला, इस्लाम स्वीकारला; 'बख्त बुलंद' हे नावही तेथूनच मिळाले. पण कथा येथेच थांबवणे ही लबाडी आहे. बादशहा दक्षिणेत मराठ्यांशी झुंजत असताना याच राजाने मोगली मुलखावर स्वाऱ्या केल्या. संतापलेल्या औरंगजेबाने त्यांना 'निगून बख्त', म्हणजे उलट्या नशिबाचा, म्हणावे असा हुकूम काढला. आज्ञाधारक मांडलिकाच्या वाट्याला असा राग येत नाही.

४/ तिसरा दोष आपल्याच बाजूचा. राजाचा गौरव करताना धर्मांतराचे प्रकरण हळूच गाळणारेही इतिहासाची तितकीच हानी करतात. आपल्या सोयीचा राजा घडवायचा असेल, तर त्याला इतिहास म्हणू नये.

५/ नागपूरचा ब्रिटिश रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने १८२७ च्या अहवालात या राजाच्या कारभाराची वाखाणणी केली आहे : हिंदू-मुसलमान असा भेद न करता कर्तबगार माणसे नेमली, ठिकठिकाणचे कष्टाळू लोक आणून वसवले, शेती आणि उद्योग वाढवले. आमच्या वैनगंगेच्या खोऱ्यातील पोवार समाजाची परंपराही आपल्या पूर्वजांची या प्रदेशातील पहिली वस्ती रामटेकजवळच्या नगरधनला सांगते आणि तिचा संबंध याच राजवटीशी जोडते. म्हणजे हा विषय केवळ गोंडांचा नाही, नागपूरकरांचाही नाही. गोंदियातील धानाच्या बांधापर्यंत तो पोहोचतो.

६/ पुतळ्याला हार घालणे सोपे आहे. गोंड, मुसलमान, मोगलांचा आश्रित, मोगलांचा वैरी आणि नगराचा संस्थापक, ही सारी ओळख एकाच माणसाची होती, हे मुलांना शिकवणे अवघड आहे. ते अवघड काम टाळायचे असेल, तर निदान 'नागपूर कोणी वसवले?' या प्रश्नाचे उत्तर तरी चुकवू नका.