गणित मांडताना आपण कुठे असतो?



काही वर्षांपूर्वी आमच्या लॉबीत एका कॉलेजची दोन मुले वह्या घेऊन आली. मालगाड्यांच्या स्टाफची नवी लिंक तयार करायची होती आणि त्याची आकडेमोड कॉलेजकडे सोपवली होती. मुले हुशार आणि नम्र होती. तीन दिवस बसून त्यांनी रजिस्टरे उतरवून घेतली. साइन ऑन केल्यापासून गाडी सुटेपर्यंत किती वेळ लागतो, हा त्यांचा प्रश्न होता. साहेबांनी कागदावरचा आकडा दिला, तो त्यांनी लिहून घेतला. बाकावर बॉक्स घेऊन बसलेल्या लोको पायलटला मात्र कोणी विचारले नाही.

नवी लिंक आली. कागदावर मोठी देखणी होती. पण लॉबीपासून यार्डाच्या शेवटच्या लाइनीपर्यंत, अंधारात आणि पावसात, खडीवरून चालत जायला लागणारा वेळ तिच्यात नव्हता. इंजिन तपासायला खरोखर लागणारा वेळही नव्हता. पहिल्याच आठवड्यात गाड्या उशिरा सुटू लागल्या आणि स्पष्टीकरणाचे कागद निघाले ते आपल्या माणसांच्या नावाने. पीएनएममध्ये भांडून ती लिंक दुरुस्त करून घ्यायला आम्हाला कित्येक महिने लागले.

त्या मुलांना मी दोष देत नाही. त्यांना जे गणित घालून दिले ते त्यांनी बरोबर सोडवले. चूक उत्तरात नव्हती, मांडणीत होती.

या विद्येला ऑपरेशन्स रिसर्च म्हणतात. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, त्यामुळे मला जेवढे समजले तेवढे साध्या भाषेत सांगतो. हातात साधने मोजकी, काम भरपूर, मग कोणती गाडी, कोणता माणूस, कोणता माल कुठे आणि केव्हा पाठवला तर सर्वांत चांगले होईल, हे गणिताने शोधायचे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञ सेनाधिकाऱ्यांच्या शेजारी बसून असे प्रश्न सोडवू लागले, तिथून हे नाव रूढ झाले. पण त्याच्याही आधी, १९३० साली, सोव्हिएत रशियात तोलस्तोय आडनावाच्या एका अभ्यासकाने (कादंबरीकार नव्हे) रेल्वेने जाणाऱ्या मालाचे एकूण किलोमीटर कमीत कमी कसे होतील याची रीत लिहून ठेवली. म्हणजे आपली रेल्वे या विद्येच्या अगदी पाळण्यापासून तिच्यासोबत आहे.

टपाल खात्यातल्या बांधवांचेही तसेच आहे. १९६० साली चीनमधल्या शानतुंग प्रांतातले प्राध्यापक ग्वान मेइगू यांनी पोस्टमनचा प्रश्न मांडला. पोस्टमनने कचेरीतून निघावे, बीटातली प्रत्येक गल्ली एकदा तरी चालावी आणि कचेरीत परत यावे. यात कमीत कमी चाल कशी पडेल? जिथे प्रत्येक नाक्यावर सम संख्येने रस्ते मिळतात, तिथे एकही गल्ली दुसऱ्यांदा चालावी लागत नाही. ज्या नाक्यावर तीन किंवा पाच रस्ते मिळतात, तिथे अडचण होते. मग कोणत्या गल्ल्या दोनदा चालायच्या, एवढेच ठरवायचे उरते. जगभरच्या विद्यापीठांत हा प्रश्न आजही ‘चिनी पोस्टमन’ या नावाने शिकवतात. पोस्टमनच्या पायांची काळजी एका प्राध्यापकाने केली, याचा आपल्याला आनंदच आहे.

पण त्या गणितात पाहा, गल्लीची लांबी आहे, चौथा मजला नाही. लिफ्ट बंद असलेली इमारत नाही, खांद्यावरच्या पिशवीचे वजन नाही, स्पीड पोस्टच्या सहीसाठी दार उघडेपर्यंतचा खोळंबा नाही. ते घालायचे तर घालता येते. कोणीतरी सांगायला मात्र हवे.

या विद्येत दोनच गोष्टींना खरे महत्त्व आहे. एक उद्दिष्ट, म्हणजे काय कमी करायचे आणि काय वाढवायचे. दुसरी अटी, म्हणजे काय केले तरी मोडायचे नाही. ही दोन वाक्ये जो लिहितो, त्याचे उत्तर येते. ‘माणसे कमी करा’ असे उद्दिष्ट दिले की संगणक माणसे कमी करतो. ‘सलग इतक्याच रात्रपाळ्या’ अशी अट घातली की तोच संगणक ती पाळून दाखवतो. त्याला ना मालकाची माया, ना मजुराची.

हे नुसते माझे म्हणणे नाही. हॉलंडच्या रेल्वेत हे घडून गेले आहे. तिथे २००१ साली व्यवस्थापनाने ठरवले, की ड्रायव्हर आणि गार्ड यांना ठराविक थोड्याच मार्गांवर फिरवायचे. हेतू असा, की एका मार्गावरचा उशीर दुसऱ्या मार्गावर पसरू नये. कागदावर हे पटण्यासारखे होते. पण माणसांना तेच रूळ, तीच स्थानके दिवसभर. कामगारांनी या पद्धतीला नाव ठेवले ‘चर्चभोवतीच्या चकरा’. आपण घाण्याचा बैल म्हणतो तसे. संप झाले, गाड्या बंद पडल्या.

नंतर संघटना आणि व्यवस्थापन यांनी बसून नवे नियम केले. त्यांचा अर्थ थोडक्यात असा, की गोड आणि आंबट सर्वांनी वाटून घ्यायचे. चांगले मार्ग, नव्या गाड्या हे गोड. जुन्या गाड्या, प्रवाशांच्या मारामारीचे मार्ग हे आंबट. दोन्ही सर्व डेपोंना सारखे मिळावे आणि एका माणसाच्या ड्युटीत विविधता असावी. हे नियम अटी म्हणून गणितात घातले. त्या कामात इटलीतल्या पादुआ विद्यापीठाचे प्राध्यापक फिशेत्ती आणि रॉटरडॅमच्या इरास्मुस विद्यापीठाचे प्राध्यापक क्रोन यांच्यासारखी माणसे होती. परिणाम काय झाला? कामगारांच्या अटी पाळूनही वर्षाला सुमारे ४८ लाख डॉलरची बचत झाली, असे त्याच मंडळींनी २००५ साली छापून प्रसिद्ध केले. पुढे डिसेंबर २००६ मध्ये हॉलंडने सगळे वेळापत्रकच नव्याने केले आणि २००८ साली त्या रेल्वेला या विद्येतले मानाचे एडेलमन पारितोषिक मिळाले.

पारितोषिक प्राध्यापकांना आणि रेल्वेला मिळाले. पण ‘गोड-आंबट’ ही अट संपावर गेलेल्या कामगारांमुळे आली, हे आपण विसरू नये.

आता आपल्याकडे या. २०२० साली कोरोनामुळे प्रवासी गाड्या थांबल्या होत्या, त्या वर्षी रेल्वे मंत्रालयाने आयआयटी मुंबईच्या मदतीने ‘झीरो बेस्ड’ वेळापत्रक हाती घेतले. जुन्या वेळापत्रकाला ठिगळे न लावता कोऱ्या कागदावर सुरुवात करायची, ही कल्पना. त्यात देखभालीसाठी ठरलेल्या वेळेचे कॉरिडॉर ब्लॉक राखण्याचे उद्दिष्ट होते. ट्रॅकमेंटेनर बांधवांनो, ठरलेला ब्लॉक म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. धावत्या गाड्यांमध्ये जीव मुठीत धरून काम करणाऱ्या गँगसाठी तो जीवनाचा प्रश्न आहे. हे उद्दिष्ट आपलेच आहे आणि ते आपण उचलून धरले पाहिजे. त्याच योजनेत कमी प्रवाशांचे थांबे कमी करण्याचाही भाग होता. त्या थांब्यावर उतरणारा शेतमजूर गणिताच्या मांडणीत कोणी घालायचा, हाही आपलाच प्रश्न आहे.

टपालात २०१० पासून मेल नेटवर्क ऑप्टिमायझेशन प्रोजेक्ट आला. सॉर्टिंगचे काम मोजक्या मोठ्या कचेऱ्यांत एकवटण्यात आले. आरएमएसच्या संघटनांनी त्याला विरोध केला. टपाल किती लवकर पोहोचते हा प्रश्न मांडायला बरेच जण होते. पण ज्याचे सॉर्टिंग ऑफिस गेले त्या माणसाची बदली, मुलांची शाळा, म्हातारे आईबाप, हे कोणत्या रकान्यात लिहिले होते?

आपल्यातले काही साथी म्हणतात, या भानगडीत पडूच नये. वर्क स्टडी म्हटले की पदे सरेंडर होतात, हा आपला अनुभव आहे. विद्यापीठवाले आले की कुऱ्हाडीला दांडा मिळाला असे समजा. ही भीती खोटी नाही, पोटात गोळा माझ्याही येतो. पण दार लावून घेतल्याने गणित थांबत नाही, ते आपल्या पाठीमागे मांडले जाते. आमच्या लॉबीत तेच झाले.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. कोणत्याही विद्यापीठाला लिंक, रोस्टर, बीट किंवा वेळापत्रकाचे काम दिले, की त्याचे उद्दिष्ट आणि अटी लेखी स्वरूपात पीएनएम किंवा जेसीएमसमोर आल्या पाहिजेत. आकडे गोळा करताना प्रत्यक्ष काम करणाऱ्याला विचारले पाहिजे, आणि त्या वेळी संघटनेचा माणूस हजर पाहिजे. वाचलेले तास प्रथम विश्रांती आणि रजा राखीव यांसाठी वापरले पाहिजेत, पदे सरेंडर करण्यासाठी नव्हे. चौथी सूचना आपल्यासाठी. विद्यापीठांनी आपल्याकडे येण्याची वाट का पाहायची? आपण त्यांच्याकडे जाऊ. आयआयटी मुंबईत या विषयाचा विभाग आहे. ‘आमच्या डेपोतल्या रात्रपाळ्या सर्वांना सारख्या वाटून द्या,’ असे गणित एखाद्या शाखेने प्राध्यापकांसमोर ठेवून तर पाहावे. विद्यार्थ्यांनाही खरा प्रश्न हवाच असतो. शिवाय त्यांच्यातले कितीतरी आपल्याच क्वार्टरमधून शिकून गेलेले असतात.

ज्याचे जळते त्यालाच कळते, हे खरे. पण ज्याला कळते त्याने ते वहीत लिहून घ्यायला लावले पाहिजे. पुढच्या वेळी लॉबीत वह्या घेऊन मुले आली, तर त्यांना चहा पाजा, शेजारी बसवा, आणि मग यार्डाच्या शेवटच्या लाइनीपर्यंत बरोबर चालवत न्या. जमले तर पावसात, रात्रीच्या वेळी.