आपली सही, आपलीच साक्ष

सातबारा आता पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो. महाभूमीच्या संकेतस्थळावर पैसे भरायचे, पीडीएफ उतरवून घ्यायची. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याची सुरुवात राज्य सरकारने 1 मे 2018 रोजी केली आणि पीककर्जासाठी तलाठी सज्जाचे हेलपाटे कमी झाले. पण उदगीर, मुखेड, देगलूर, कुठेही एखाद्या ऑनलाइन केंद्रात ती पीडीएफ उघडली, की सहीच्या जागी अनेकदा पिवळे प्रश्नचिन्ह दिसते. सहीची खातरी पटत नाही, असे संगणक सांगतो. शेतकरी घाबरतो. सही मात्र खरी असते.

संगणक त्या सहीचा माग काढत वर जातो. सही करणाऱ्या अधिकाऱ्याला प्रमाणपत्र दिले ते परवानाधारक संस्थेने. त्या संस्थेला मान्यता दिली ती माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 अन्वये नेमलेल्या दिल्लीच्या कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीज, म्हणजे सीसीए या कार्यालयाने. मग सीसीएला प्रमाणपत्र कोण देते? कोणीच नाही. सीसीएच्या मूळ प्रमाणपत्रावर सीसीएचीच सही आहे. ते मूळ ज्या संगणकात विश्वासू म्हणून नोंदलेले आहे तिथे हिरवी खूण दिसते, नसेल तिथे प्रश्नचिन्ह.

म्हणून सेल्फ-साइन्ड म्हणजे बनावट, हा समज आधी काढून टाकायला हवा. जगातली प्रमाणपत्रांची प्रत्येक साखळी शेवटी स्वतःच स्वतःवर सही केलेल्या एका प्रमाणपत्रापाशी थांबते. 2015 पासून महाराष्ट्रात झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याऐवजी अर्जदाराची स्वतःची सही चालू लागली. ती चालते, कारण पुढे कोणीतरी मूळ कागद समोर ठेवून ताडून पाहतो. सेल्फ-साइन्ड प्रमाणपत्राचेही तसेच आहे. ते ताडून पाहिले असेल तर पक्के, नसेल तर कोऱ्या कागदाइतकेच.

आणि वरच्या शिक्क्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही, हे भारताने अनुभवले आहे. जुलै 2014 मध्ये गूगलला आपल्या नावाची काही प्रमाणपत्रे आढळली. ती गूगलने मागितलेली नव्हती. ती निघाली होती नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटर, म्हणजे एनआयसीच्या प्रमाणन यंत्रणेतून, आणि तिच्या डोक्यावर सीसीएचे मूळ होते. सीसीएने एनआयसीची प्रमाणपत्रे रद्द केली, मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये ती अडवली आणि क्रोमने सीसीएच्या मुळाला मोजक्याच डोमेनांपुरते बांधून टाकले. फायरफॉक्सच्या यादीत ते मूळ नव्हतेच, त्यामुळे त्याच्या वापरकर्त्यांना झळ लागली नाही.

आता नांदेड-लातूरकडे या. एखादे रुग्णालय, पतसंस्था, महाविद्यालयाची प्रयोगशाळा: आत एक सर्व्हर, पत्ता 192.168 ने सुरू होणारा, बाहेरच्या जगाला न दिसणारा. अशा खासगी पत्त्याला बाहेरची कोणतीही मान्यताप्राप्त संस्था प्रमाणपत्र देत नाही. तिथे स्वतःचे प्रमाणपत्र बनवणे हाच सरळ मार्ग. ओपन-एसएसएल हे मोफत साधन एका आज्ञेत 2048 बिटांची किल्ली आणि प्रमाणपत्र तयार करून देते. गोंधळ पुढे होतो. सर्व्हरचे नाव फक्त जुन्या 'कॉमन नेम' रकान्यात लिहिले जाते. 2017 मध्ये आलेल्या क्रोमच्या 58व्या आवृत्तीपासून तो रकाना पाहिलाच जात नाही, नाव किंवा पत्ता 'सब्जेक्ट अल्टरनेटिव्ह नेम'मध्ये हवा. मग इशारा येतो आणि ऑपरेटर सांगतो, "ॲडव्हान्स्डवर जा, प्रोसीड कर."

हे वाक्य सगळ्यात घातक आहे. ते रोज ऐकणारी कर्मचारी उद्या बँकेच्या खोट्या पानावरही तेच करील, आणि दोष तिचा नसेल.

उपाय अवघड नाही. प्रत्येक सर्व्हरसाठी सुटे प्रमाणपत्र करण्यापेक्षा संस्थेने स्वतःचे एक मूळ करावे. ते नेटला न जोडलेल्या संगणकावर करावे, त्याची खासगी किल्ली पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात कुलपात ठेवावी आणि सर्व्हरांच्या प्रमाणपत्रांवर तिनेच सही करावी. मूळ प्रमाणपत्र संस्थेच्या सगळ्या संगणकांत माणसाने एकदा हाताने बसवावे. त्याच मुळाखाली कर्मचाऱ्यांनाही प्रमाणपत्रे देता येतात, म्हणजे पासवर्ड चोरून कोणाला आत शिरता येत नाही. बदली झाली की त्या माणसाचे प्रमाणपत्र रद्दच्या यादीत टाकायचे आणि सर्व्हरला ती यादी तपासायला लावायचे. हे दुसरे काम हमखास राहून जाते. किल्लीबाबत हयगय मुळीच नको. ती ज्याच्या हाती पडेल तो त्या संगणकांपुढे कोणत्याही संकेतस्थळाचे सोंग घेऊ शकतो, बँकेचेसुद्धा.

निविदा, जीएसटी, ग्रामपंचायतीची ऑनलाइन देयके यांसाठी हे घरचे प्रमाणपत्र चालत नाही. तिथे डिजिटल सही करायची तर परवानाधारक संस्थेचे डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र, म्हणजे डीएससी लागते. पण किल्ली जपण्याचा नियम तोच. सरपंच आणि ग्रामसेवकाचा डोंगल पिनसकट ऑपरेटरच्या खणात पडून राहत असेल, तर ती सही कायद्याने सरपंचाची आणि प्रत्यक्षात ऑपरेटरची.

लोकांसाठी उघड्या असलेल्या संकेतस्थळावर मात्र सेल्फ-साइन्ड प्रमाणपत्राला जागा नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था 2015 पासून मोफत प्रमाणपत्रे देते आणि त्यांचे नूतनीकरण आपोआप होते. हाताने नूतनीकरण करण्याचे दिवसही सरत आले आहेत. सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत 398 दिवस होती. 15 मार्च 2026 पासून ती 200 दिवस, आणि मार्च 2029 पासून 47 दिवस ठरली आहे.

विष्णुपुरीचे श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि लातूरची तंत्रनिकेतने यांनी हे काम प्रात्यक्षिकात घ्यावे. विद्यार्थ्यांनी आपल्या प्रयोगशाळेचे मूळ स्वतः उभारावे, एक प्रमाणपत्र मुद्दाम रद्द करून पाहावे, मग शेजारच्या पतसंस्थेत आणि ग्रामीण रुग्णालयात जाऊन ते बसवून द्यावे. साधन मोफत आहे, काम दोन दुपारींचे आहे.