‘नाही’ कुठे हरवलं?



लांबच्या काकाशी इंटरनेटवरून बोलताना आवाज मध्येच तुटतो. मग आजोबा काय करतात? आणखी मोठ्यानं ओरडतात! पण त्याचा उपयोग होत नाही बरं का. का, ते पाहू.

आपला आवाज इंटरनेटवरून सलग जात नाही. त्याचे छोटे छोटे तुकडे होतात. एक तुकडा बहुतेक वेळा २० मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. तुम्ही एक सेकंद बोललात, की ५० तुकडे निघाले! प्रत्येक तुकडा एका पॅकेटात बसतो आणि पॅकेटावर क्रमांक असतो.

वाटेत गर्दी झाली, की काही पॅकेटं गळून जातात. हा ‘पॅकेट लॉस’. पोहोचतात तीही सारख्या अंतरानं येत नाहीत. एक लवकर, एक उशिरा, मग तीन एकदम! हा ‘जिटर’.

नळाला पाणी कधी जोरात येतं, कधी थेंब थेंब. म्हणून आपण गच्चीवर टाकी बसवतो. ऐकणाऱ्याचा फोनही अशीच छोटी टाकी ठेवतो. आलेली पॅकेटं क्षणभर साठवायची, क्रमानं लावायची आणि सारख्या गतीनं वाजवायची.

मग टाकी खूप मोठी का करत नाहीत? कारण तेवढा आवाज उशिरा ऐकू येईल आणि दोघं एकदम बोलू लागतील. बोलणं १५० मिलिसेकंदांच्या आत पलीकडे पोहोचावं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ सुचवतो. फोटोचा हरवलेला तुकडा पुन्हा मागवता येतो. बोलण्यात तेवढी सवड नसते. फार उशिरा आलेलं पॅकेट म्हणजे वरातीमागून घोडं. फोन ते टाकूनच देतो.

एखादं पॅकेट हरवलं, तर फोन आधीच्या आवाजावरून ती फट बुजवतो. कानाला पत्ताही लागत नाही. पण सलग पंधरा-वीस गेली, की अख्खा शब्द जातो.

आता हे वाक्य वाचा : ‘ती गोळी आज द्यायची नाही.’ शेवटचा ‘नाही’ गळाला, तर काय उरतं? ‘ती गोळी आज द्यायची.’ अर्थ अगदी उलटा! आणि ऐकणाऱ्याला काही हरवल्याची शंकाही येत नाही.

ओरडल्यानं आवाज मोठा होतो, पॅकेटं काही लवकर पोहोचत नाहीत. त्यापेक्षा व्हिडिओ बंद करा, वायफायच्या जवळ या. औषध, पैसे, गाडीची वेळ असं महत्त्वाचं काही असेल, तर ऐकणाऱ्यानं ते परत म्हणून दाखवावं. आणि ‘आज ती गोळी बंद ठेवा’ असं सांगावं. यातलं ‘बंद ठेवा’ गळालं, तर वाक्य अर्धवट वाटतं आणि आपण लगेच विचारतो, ‘काय म्हणालात?’

आता तुमचं काम. एक शब्द गळाला की अर्थ उलटा होतो, अशी पाच वाक्यं वहीत लिहा आणि घरी वाचून दाखवा. आजोबांना आधी!